तांदळाच्या पिंपातले सहा टॅब

मागच्या जुलैत एका सकाळी शाळेच्या खिचडीचे तांदूळ काढायला काकूंनी पिंपात हात घातला आणि तिथूनच ओरडल्या, "बाई, तांदळात पाटी गावली!"

पाटी नव्हती, टॅब होता. आमच्या सरांनी आदल्या शनिवारी कापडी पिशवीत गुंडाळून पोषण आहाराच्या तांदळात पुरून ठेवला होता आणि सांगायचं विसरले होते. पिशवी कधीच सुटली होती. चार्जिंगच्या भोकात एक कणी अशी बसली होती की मला टाचणी घेऊन दहा मिनिटं कोरत बसावं लागलं. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "शिजवला असता तर?"

घाटावरच्या लोकांना यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. मी सांगोल्याची. आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. इथे, संगमेश्वर तालुक्यातल्या या वाडीत, जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, हजेरीपत्रकाची पानं पापडासारखी फुगतात. टॅब दिसतो बंद डबीसारखा, पण दमट हवा आत शिरतेच. एकाच्या कॅमेऱ्याच्या काचेमागे धुकं धरलं, ते गेलंच नाही. त्यावर काढलेला प्रत्येक फोटो पहाटे काढल्यासारखा दिसतो. म्हणून हा तांदळाचा उपाय. साठा नोंदवहीत तांदळाची शिल्लक ग्रॅमपर्यंत लिहावी लागते, टॅबचा रकाना नाही एवढंच.

आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन, मुलं यंदा सतरा. जांभ्याच्या भिंती, दोन खोल्या, पुढे पडवी. मी आले तेव्हा दोन वर्षं काढू आणि बदली घेऊ असा हिशेब होता. बदलीचा अर्ज दोनदा भरला, तिसऱ्यांदा भरायचा राहून गेला. आता मुलांची भाषाही माझ्या तोंडात बसली आहे. सांगोल्याला गेले की आई म्हणते, तू 'सापडलं'ला 'गावलं' म्हणायला लागलीस.

टॅब आले २०१८च्या गणपतीत. वाडीचं मुंबईत मंडळ आहे. कोकणातल्या बहुतेक वाड्यांचं असतं. चाकरमानी गणपतीला आले की पाचव्या-सहाव्या दिवशी मंडळाची सभा भरते आणि त्यात शाळेला काय द्यायचं ते ठरतं. आधीच्या वर्षांत पंखे दिले होते, एका वर्षी बेंच. त्या वर्षी मी मुलींच्या संडासासाठी पाण्याची टाकी मागितली. सेक्रेटरी बेस्टमधून निवृत्त झालेले. मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना २०१५ साली टॅब वाटले होते, ते त्यांनी तिथे जवळून पाहिलेलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडच्या पोरांचं दप्तर हलकं होतंय, आपल्या पोरांनी काय पाप केलंय?" टाळ्या पडल्या. टाकी पडली मागे. सात इंचांचे सहा टॅब, त्यांची निळी कव्हरं आणि 'चौथीपर्यंतचा संपूर्ण अभ्यासक्रम' भरलेली सहा मेमरी कार्डं, असा तो संच अनंत चतुर्दशीच्या आत हार घालून शाळेत आला.

मी तोंड वाकडं केलं असं नाही. तेव्हाचं वातावरणच तसं होतं. २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला होता, आणि आसपासच्या शाळांच्या आमच्या केंद्राच्या प्रत्येक शिक्षण परिषदेत कुठल्या ना कुठल्या डिजिटल शाळेचा व्हिडिओ दाखवायचेच. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड सरांनी आदिवासी पाड्यावरची शाळा कशी डिजिटल केली, माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड कसे आणले, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. डिसले सर तर आमच्या सोलापूर जिल्ह्यातले. २०२०च्या डिसेंबरात त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली, तेव्हा माझी आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती, जशी काही मीच जिंकले. तर त्या दिवसांत खडू-फळ्यावर शिकवायची थोडी लाजच वाटायची. आपण मागे पडलोय असं उगाच वाटायचं.

पहिल्या आठवड्यात भांडणं. सहा टॅब, तेव्हा मुलं बावीस. एका टॅबवर चार डोकी. त्यातलं एक धरणार, एक बोट लावणार आणि दोघं "मना दे, मना दे" करत त्याचा हात ओढणार. डी.एड.ला असताना आम्हाला सुगाता मित्रांच्या प्रयोगाबद्दल शिकवलं होतं. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत त्यांनी भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला संगणक बसवला आणि मुलं घोळक्याने आपापली तो वापरायला शिकली. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप लिहिली होती मी. घोळका लिहिताना किती गोजिरवाणा वाटतो! प्रत्यक्षात माझ्या घोळक्यातल्या एकीच्या कानशिलाला टॅबचा कोपरा लागून टेंगूळ आलं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र सगळं गप्प. इतकं गप्प, की मला आनंदच झाला. मेमरी कार्डावरच्या अभ्यासात प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय होते. प्रश्न, खाली चार पर्याय. बरोबर आलं की हिरवा चेहरा आणि टाळ्यांचा आवाज, चुकलं की लाल चेहरा आणि "पुन्हा प्रयत्न करा." शेवटी गुण. रोज अर्धा तास तिसरी-चौथी टॅबवर आणि तेवढा वेळ मी पहिली-दुसरीला पुरती मोकळी. दोन शिक्षकांत चार वर्ग सांभाळणाऱ्याला विचारा, अर्धा तास म्हणजे काय असतो ते.

तिसरीत एक पोरगा होता. त्याला आपण बारक्या म्हणू. बारक्याला हातच्याच्या वजाबाकीत दहापैकी दहा पडले. सलग तीन दिवस. मी सरांना म्हटलं, बघा हो, माझ्याकडून महिनाभर जमलं नाही ते यंत्राने तीन दिवसांत केलं. चौथ्या दिवशी वीज नव्हती आणि टॅब बसले होते. पाट्या काढल्या. फळ्यावर ५२ वजा २७ लिहिलं.

बारक्याने उत्तर लिहिलं ३५.

मी त्याच्याजवळ खाली बसले. "कसं केलंस?" त्याने पाटी माझ्याकडे सरकवली आणि समजावलं, मला समजावतात तसंच सावकाश. "बाई, दोनातून सात जात नाय. मग सातातून दोन घालवले. उरले पाच. पाचातून दोन गेले, तीन." तोंडावर शंकेची रेषही नाही. दोनातून सात जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जात नाही तर जे जातं ते करावं, हा त्याचा व्यवहार. दशक मोडून सुटे आणायचे असतात, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मग टॅबवर दहापैकी दहा कसे? वीज आल्यावर मी त्याला म्हटलं, मला करून दाखव. तो प्रश्न वाचतही नव्हता. पहिला पर्याय दाबला, लाल. दुसरा दाबला, लाल. तिसरा दाबला, हिरवा, टाळ्या. पुढचा प्रश्न. कितव्या दाबण्याला हिरवं आलं याची त्या कार्डाला फिकीर नव्हती. शेवटी हिरवं आलं ना, मग एक गुण. आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न त्याच क्रमाने, पर्यायही जागच्या जागी. बारक्याने तिसरा, पहिला, पहिला, चौथा असा क्रमच पाठ करून ठेवला होता. खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुकही वाटलं. ज्याने कुणी ते स्वाध्याय बनवले होते त्याच्यापेक्षा हा पोरगा हुशार.

त्या दिवशी मी हिराच्या काड्या काढल्या. माडाच्या झावळीचे हीर इथे केरसुणीसाठी घरोघरी असतात. त्यांचे तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधून ठेवलेल्या होत्या. बारक्यापुढे पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं, मला सत्तावीस दे. त्याने दोन जुड्या दिल्या. दोन सुट्या दिल्या. मग थांबला. "अजून पाच पायजेत तुमाला." माझ्याकडे बघितलं, जुड्यांकडे बघितलं. "सोडू एक?" म्हणाला.

त्या "सोडू एक?" साठीच मी या नोकरीत आहे.

त्याने रबर काढलं, पाच मोजून दिल्या आणि उरलेल्या पाच आपल्या दोन जुड्यांशेजारी नीट लावून ठेवल्या. "पंचवीस." मग पाटीवरच्या ३५कडे बघून जीभ चावली.

त्या वेळी मला टॅबचा रागच आला होता. नंतर वाटलं, राग कुणावर धरायचा तर आपल्यावरच धरावा. अर्ध्या तासाच्या मोहात मी तीन दिवस त्याच्या पाटीकडे पाहिलंच नव्हतं. चुकीत मुलाचा सगळा विचार दिसतो. ३५ बघितलं की मला कळतं हा कुठल्या वाटेने गेला. हिरव्या चेहऱ्यातून काय कळणार?

ती मेमरी कार्डं मी काढून कपाटात ठेवली. खूप पैसे पडले होते म्हणे मंडळाला त्यांचे. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही. हे वाचत असतील तर त्यांनी माफ करावं.

टॅब रिकामे झाले आणि मगच कामाला आले. रिकाम्या टॅबमध्ये दोन वस्तू उरतात, कॅमेरा आणि आवाज टिपायचं यंत्र. कुठल्याही साध्या फोनमध्ये असतात त्याच.

दुसऱ्याच दिवशी बारक्याला म्हटलं, कालची वजाबाकी काड्यांनी करून दाखव, आम्ही चित्रण करतो. एकाने टॅब धरला, एक शेजारी उभा राहून काड्या दिसतात का ते बघत होता. बारक्या तीनदा चुकला. एकदा जुडी सोडली आणि मोजायचंच विसरला, एकदा काड्या सांडल्या, एकदा हसू आलं. चौथ्यांदा जमलं. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ अजून आहे. दर वर्षी तिसरीला दाखवते. बारक्या आता देवरूखला हायस्कुलात जातो, मिसरूड फुटलंय, पण आमच्या तिसरीत तो अजून आठ वर्षांचाच आहे आणि "दोनातून सात जात नाय, मग काय करायचं?" असं विचारतो आहे.

आवाजाचा उपयोग मला एका मुलीने शिकवला. चौथीत होती. वर्गात मोठ्याने वाच म्हटलं की घशात काहीतरी अडकल्यासारखी थांबायची, मग बाकीची मुलं पुढचा शब्द सांगायची आणि ती खाली बसायची. एक दिवस तिने विचारलं, "बाई, मी पडवीत जाऊन त्याला वाचून दाखवू?" त्याला म्हणजे टॅबला. गेली. वीस मिनिटांनी आली आणि टॅब माझ्या हातात न देता कव्हर मिटून दप्तरात ठेवू लागली. मी म्हटलं, मला ऐकव की. नाही म्हणाली. आठवडाभर रोज पडवीत जायची, वाचायची, ऐकायची, पुसून टाकायची. नवव्या की दहाव्या दिवशी आणून दिलं. अर्धं पान, अडखळत, पण मधे कोणी शब्द सांगितलेला नाही. मागे पागोळ्यांचा आवाज आणि एक कोंबडा.

मी वर्गात बसून तिला वीस मिनिटं एकटीला देऊ शकले नसते. दिली असती तरी माझा चेहरा समोर असता, आणि शिक्षकाचा चेहरा कितीही आवरला तरी बोलतोच. टॅबला चेहरा नाही. लाल नाही, हिरवा नाही. हे त्याचं मोठेपण मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

आकड्यांच्या बाबतीतही तसंच. मराठीत ५३ला आपण त्रेपन्न म्हणतो, म्हणजे तीन आधी, पन्नास नंतर. आणि लिहिताना पाच आधी. मुलं ३५ लिहून मोकळी होतात. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचायची रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, त्यांनाही लोकांनी सोडलं नाही. विनोद झाले, विधिमंडळात विषय गेला. मला विचाराल तर दोन्ही रीती शिकवाव्यात, पोरांना कळल्याशी मतलब. मी दुसरीतल्या मुलांकडून एक ते शंभर दोन्ही प्रकारे टॅबमध्ये बोलून घेतलं. एक जण बोलतो "त्रेपन्न", दुसरा बोलतो "पन्नास तीन", तिसरा पाटीवर लिहितो. मग ऐकत ऐकत तपासायचं. अंताक्षरीसारखी भांडत भांडत करतात.

याच काळात वरून एक पाहणी आली. कुठली ते सांगत नाही. आदल्या संध्याकाळी निरोप आला की मुलांच्या हातात टॅब दिसले पाहिजेत. रात्रभर वीज नव्हती. सकाळी सहाही टॅब पुरे मेलेले. साहेब आले, बसले, चहा घेतला, "चालू करा बरं" असं म्हणाले नाहीत, फोटो म्हणाले. मुलांनी काळ्या काचांवर बोटं टेकवली आणि हसली. छान आला फोटो. कुठल्याशा अहवालात छापूनही आला, खाली ओळ होती, 'टॅबच्या साहाय्याने आनंददायी शिक्षण घेताना विद्यार्थी'. मोठा करून बघितला तर एका टॅबच्या काचेत साहेबांचं प्रतिबिंब दिसतं.

मग बोलून टाइप करायचा शोध लागला. सर शनिवारी देवरूखला बाजाराला जातात तेव्हा तिथल्या रेंजमध्ये बसून काय काय उतरवून आणतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडांमागचे, दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओही ते असेच पेनड्राइव्हमध्ये भरून आणायचे, कारण आमच्या वर्गात तो काळा चौकोन स्कॅन केला की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. तर एका शनिवारी ते मराठी बोललेलं लिहून घेणारी सोय टॅबमध्ये घालून आले.

मुलांना जादूच वाटली. पहिलं वाक्य चौथीतल्या एकाने बोललं. बाहेर धो धो पाऊस, म्हणून सुचलं तेच. "पऱ्याला पाणी आलंय."

पऱ्या म्हणजे ओढा. आमच्या शाळेच्या आणि निम्म्या वाडीच्या मधून एक जातो. उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात त्याच्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, बुडाला की पलीकडची मुलं घरी.

टॅबने लिहिलं: 'पर्यायाला पाणी आलंय.'

दोन मिनिटं कोणाला काही कळलं नाही. मग तिसरीतल्या एकीने अक्षरं लावत वाचलं आणि वर्ग फुटला. पुन्हा बोलला, तोंड टॅबला लावून, अक्षर अक्षर तोडून. पुन्हा पर्याय. दुसऱ्याने करून बघितलं, पर्याय. मला म्हणाले, बाई तुम्ही बोला, तुमचं शुद्ध असतं. मी बोलले. पर्याय.

"बाई, त्याला आपला पऱ्या म्हायतीच नाय," एक जण म्हणाला.

मी हसले, पण ते मला लागलं. आमच्या मुलांना शाळेत येताना एक भाषा घरी ठेवून यावी लागते, पुस्तकात दुसरीच असते, आता या काचेत तिसरी. पुढचे दोन तास आम्ही त्याला काय काय माहीत नाही याची यादीच केली. गडगा, वय (म्हणजे कुंपण), साकव, सहाण, हीर. काही त्याला आलं, बरंच नाही. मग यादी वाढत गेली आणि मुलं टॅब घरी नेऊन आज्यांना विचारायला लागली. दोन दिवसांसाठी एक टॅब, वहीत सही करून. एका आजीने भाताच्या जुन्या बियाण्यांची नावं सांगितली. वरंगळ, पटणी, आणखी चार-पाच, आणि प्रत्येकाची पेज कशी लागायची तेही. शेवटी म्हणाली, "ह्याच्यात ऱ्हातं का हे? मी गेल्यावर पण?" नातू म्हणाला, "ऱ्हातं." आजी म्हणाली, "मग जरा नीट सांगते," आणि पदर सारखा करून पहिल्यापासून सुरू केलं. नुसता आवाज टिपत होता हो पोरगा, चित्र नव्हतंच.

ती आजी दीड वर्षाने गेली. मुलाच्या बापाने शाळेत येऊन ते टॅबवर ऐकलं. दुसऱ्यांदाही ऐकलं. मी बाहेर जाऊन घंटा दिली, उगाचच.

लॉकडाऊनचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनीच भोगलंय. मार्च २०२०ला शाळा बंद. रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा आणि तो पुढे पाठवायचा. सतरा-अठरा घरांत मिळून पाच चालू स्मार्टफोन, आणि रेंज फक्त सहाणेवर, जिथे शिमग्याला पालखी बसते तिथे. तेव्हा सहा टॅब घरोघर फिरवले. सोमवारी या आळीत, गुरुवारी त्या आळीत. सर आणि मी कपड्याचे मास्क लावून, अंतर राखून, कडेने चालायचो. मंडळाने टाकीऐवजी टॅब दिले म्हणून मी सेक्रेटरींचे मनातल्या मनात आभार मानले ते तेव्हा. टाकी पुढे ग्रामपंचायतीने बसवली, तीही सांगून टाकते.

आता सहापैकी तीन चालतात. एकाची बॅटरी फुगली, एक पडवीतून पऱ्यात गेला, एकाची काच. चालतात त्या तिघांवरही नवीन काही बसत नाही. 'हे ॲप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही' असं येतं. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला, त्यात म्हटलंय की ही शैक्षणिक उत्पादनं सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. वाचलं आणि बोटं मोजली. २०१८चा सप्टेंबर ते २०२१चा सप्टेंबर. अगदी बरोबर, त्याच पावसाळ्यात पहिल्यांदा सुसंगत नाही आलं होतं. हिराच्या काड्यांना मात्र असा काही त्रास नाही. सातवं वर्ष चालू आहे, फक्त रबरं बदलते.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो मला स्वीडनच्या बातम्या पाठवतो, तिथे पुन्हा छापील पुस्तकं आणताहेत म्हणून. म्हणतो, मावशी तुम्ही लोक पुढे होतात, टॅब बंद पडले ते बरंच झालं. मला हसू येतं. स्वीडनला निवड होती, त्यांनी घेतली आणि सोडली. माझ्या मुलांच्या घरी आता फोन आलेत. 'असर' या देशभरातल्या शिक्षण-पाहणीत २०२४ला ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे काच त्यांच्या हातात येणारच आहे, माझ्या वर्गात आली काय आणि न आली काय. चौथीतून जाण्याआधी एकदा तरी त्या काचेत स्वतःचं काहीतरी घालून बघितलेलं असावं, एवढंच मला वाटतं. नुसतं तिच्यातून घेत बसू नये.

आणि एक तक्रार, ती लिहिल्याशिवाय हा लेख माझा वाटायचा नाही. वर्गातलं तंत्रज्ञान म्हटलं की सगळे मुलांच्या हातातल्या टॅबवर बोलतात. माझ्या हातातल्या फोनवर कोणी बोलत नाही. सकाळी मुलांची हजेरी ॲपवर, जेवणाचा आकडा दुसऱ्या ॲपवर, मग लिंक येते. माहिती भरा, आज बारापर्यंत. फोटो टाका, पाच मुलांचा, मागे फलक दिसला पाहिजे. रेंजसाठी मला फोन घेऊन सहाणेपर्यंत जावं लागतं, आठ मिनिटं जाणं, आठ येणं, तिथली वेगळी. बारक्याच्या पाटीशेजारी बसायला जी वीस मिनिटं लागली होती ना, तीच रोज त्या वाटेवर जातात. मुलांना तर सवय झाली आहे. मी फोन उचलला की पहिलीतली सर्वांत लहान मुलगी विचारते, "बाई, लिंक आली?"

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने झोडपलं. अडीच वाजता आभाळ असं काळं झालं की फळा दिसेना. मी चौथीचा परिच्छेद घेत होते. दारात दुसरीतला एक उभा, दप्तर डोक्यावर धरलेलं, टॅब आले तेव्हा हा जन्मलासुद्धा नव्हता. पऱ्याची ती गंमत झाली तेव्हा वर्गात असलेली मुलं कधीच हायस्कुलात गेली. तरी शब्द मात्र शाळेत राहिलाय, मोठ्यांकडून धाकट्यांकडे.

"बाई, पर्याय भरत आलाय," तो म्हणाला. "पलीकडच्यांनी जायचं?"

मी बाहेर जाऊन बघितलं. साकवाला वीतभर उरली होती. पलीकडच्या सहा जणांची दप्तरं प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली, सरांना बरोबर दिलं आणि हजेरीपत्रकात वेळ लिहिली.